पानांवरचे बुडबुडे

कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. प्रॅक्टिकलच्या आधी टेबलं लावायची, द्रावणं करून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मायक्रोस्कोपच्या काचा पुसायच्या आणि तास संपला की ढीगभर परीक्षानळ्या धुवायच्या, हे माझं काम. शिकवायचं काम मॅडम आणि सरांचं. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात सायन्स घेऊन बारावी झालेली मी पहिली मुलगी. घरात त्याचं कौतुक होतं, पण मी दिवसभर नेमकं काय करते हे कोणाला नीट सांगता आलं नसतं.

सांगायचंय ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्याने डोंबिवलीत शोभेच्या माशांचं दुकान टाकलं आणि कौतुकाने कॉलेजला चार फुटांची काचेची टाकी भेट दिली. खाली वाळू, त्यात हिरवीगार झाडं, वर गप्पी आणि लहान लाल-निळे टेट्रा. प्राचार्यांनी ती आपल्या केबिनबाहेरच्या मोकळ्या जागेत ठेवली. पहिले पंधरा दिवस मुलं तिथून हलेनात. मग झाडांची पानं पिवळी पडायला लागली. काही पानं मऊ होऊन देठापासून सुटली आणि पाण्यावर तरंगू लागली.

आमच्या विभागप्रमुख मॅडम पुण्याच्या. वनस्पतिशास्त्र त्यांचा विषय, शिकवायच्याही सुरेख. त्यांनी टाकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "उजेड कमी पडतोय. झाडांना उजेड हवा." टाकीच्या झाकणात एक ट्यूबलाइट होती, तिथे चार बसवल्या. सकाळी शिपाईमामा कॉलेज उघडायचे तेव्हा बटण दाबायचे, ते संध्याकाळी कुलूप लावतानाच बंद करायचे. दहा-अकरा तास लख्ख उजेड.

आठवड्याभरात काचेवर हिरवी साय धरली. मग झाडांच्या पानांवर केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं. दोन आठवड्यांनी आतले मासे दिसेनासे झाले. प्राचार्य तिथून जाताना दुसरीकडे बघायचे. एक दिवस त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "दिवाळीनंतर तपासणीची समिती येतेय. हे असलं गटार माझ्या दारात नको. प्लास्टिकची झाडं टाका आणि मोकळे व्हा."

मी तेव्हा हजेरीच्या वह्यांवर सही घ्यायला आत गेले होते. गटार हा शब्द मला झोंबला. आमच्या खाडीला लोक तेच म्हणायला लागले होते. बाबांनी उभं आयुष्य त्या खाडीत जाळं टाकलं. माझ्या लहानपणी ते टोपली भरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणायचे, मोठे खेकडे आणायचे. मी कॉलेजात लागेपर्यंत पाणी काळं झालं, माशाला रॉकेलचा वास यायला लागला, आणि बाबांनी होडी विकून टाकली. नंतर ते ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून द्यायचे.

मी तिथेच बोलून गेले, "सर, दिवाळीपर्यंत मला बघू द्या."

प्राचार्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम मला म्हणाल्या, "अगं, तू काय करणार?"

"अजून नक्की नाही सांगता येत मॅडम. पण एक विचार आहे."

खरं तर तो विचार मला आदल्या आठवड्यात धुण्याच्या बेसिनपाशी आलेला. बारावीला हायड्रिलाचं एक प्रॅक्टिकल असतं. पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या ठेवायच्या, त्यावर काचेचं नरसाळं उपडं घालायचं, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालायची. दिवा जवळ आणला की फांद्यांतून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात आणि मुलं ते मोजतात. दिवा अजून जवळ आणला की बुडबुडे वाढतात. पण एका हद्दीपर्यंतच. त्यानंतर दिवा झाडाला चिकटवला तरी आकडा हलत नाही. मग मॅडम सांगतात, आता पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. सोड्यातून झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि त्याच उजेडात बुडबुडे पुन्हा वाढतात.

हा प्रयोग मी सात वर्षं प्रत्येक तुकडीसाठी मांडलेला. निष्कर्षाचं वाक्य मला तोंडपाठ होतं. पण टाकीसमोर उभं राहून ते वाक्य आठवायला मला इतके दिवस लागले. टाकीतल्या झाडांना उजेड भरपूर होता, वायू नव्हता. जे झाड वाढू शकत नव्हतं त्याच्या वाटचा उजेड शेवाळ खात होतं. शेवाळाला फार काही लागत नाही.

टाकीत सोडा टाकून चाललं नसतं. एका प्रॅक्टिकलला चिमूटभर ठीक आहे, रोज टाकला तर पाणी खारट-कडवट होऊन मासे मेले असते. वायू सतत आणि हळूहळू मिळायला हवा होता. तो कसा मिळवायचा हेही आमच्याच कपाटात होतं. दुसऱ्या एका प्रॅक्टिकलला आम्ही साखरेच्या पाण्यात यीस्ट घालतो, आणि त्यातून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून ती दुधाळ झालेली दाखवतो. तोच वायू. दोन प्रॅक्टिकलं एका नळीने एकमेकांना जोडायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या बेकरीतून यीस्ट आणलं. ओळखीच्या दवाखान्यातून सलाइनची रिकामी काचेची बाटली आणि नळी मागून घेतली. तिथल्या सिस्टरने विचारलं, कोणाला लावायचंय. मी म्हटलं, झाडांना. ती हसली, पण नळी नवी दिली.

बाटलीत साखरेचं कोमट पाणी आणि पाव चमचा यीस्ट. बुचातून नळी काढून टाकीत सोडली. तासाभराने वायू यायला लागला. पण बुडबुडे नळीतून निघाले की सरळ वर जाऊन फुटायचे, पाण्यात विरघळायला त्यांना वेळच मिळायचा नाही. मग मी हायड्रिलाच्या नरसाळ्यासारखंच केलं. काचेची एक मोठी पेट्री डिश पाण्याखाली उपडी बसवली आणि नळीचं तोंड तिच्याखाली आणलं. वायू डिशखाली साठून राहायचा आणि हळूहळू पाण्यात मुरायचा. चार ट्यूबपैकी दोन काढून टाकल्या. शिपाईमामांना सांगितलं, सकाळी नऊला लावा, पाचला बंद करा, मध्ये कोणी सांगितलं तरी हात लावू नका.

"आणि मोठ्या मॅडमनी सांगितलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मला बोलवा."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. मामांनी मात्र मान डोलावली आणि शेवटपर्यंत ती वेळ पाळली.

शेवाळ हाताने काढायला चार दिवस लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर करून मी टाकीत कोपरापर्यंत हात घालायचे. कॉलेजातली मुलं बघायची, काही हसायची. कोळणीची पोर शेवटी पाण्यातच, असं एक जण पाठीमागे बोललं. मी ऐकलं आणि हात चालू ठेवला. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

मेलेल्या झाडांच्या जागी नवी हवी होती. दुकानातली परत मेली असती तर पंचाईत, म्हणून मी बाबांना विचारलं. ते रविवारी शीळफाट्याच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या तळ्यावर गेले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून लांब पातीची झाडं घेऊन आले. सोबत तळ्याखालची चिकणमाती. "नुसत्या रेतीत काय खातील ती?" ते म्हणाले. मी माती वाळूखाली घातली.

पंधरा दिवसांत नवी पानं फुटली. मी वाटच बघत होते कोणी तरी विचारेल. आणि मग एका सोमवारी सकाळी शिपाईमामा प्रयोगशाळेच्या दारात आले. "ताई, जरा चला. मासे वर आलेत."

सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडून धापा टाकत होते. चार टेट्रा तळाला आडवे पडलेले. रविवारी कॉलेज बंद, ट्यूब लागल्या नव्हत्या, आणि मी शनिवारी जाताना यीस्टची ताजी बाटली जोडून गेले होते, तीही दुप्पट साखरेची, कारण मला झाडं लवकर वाढवायची होती. मी हातात बादली घेऊन अर्धं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत अजून दोन मासे गेले. बाकीचे वाचले. मॅडम येऊन मेलेले मासे बघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी गेल्यावर मी जेवले नाही. आईने दोनदा विचारलं. शेवटी मी ओट्यावर बाबांपाशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी जाळ्याची गाठ मारून पुरी केली.

"सकालीच वर आले ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग बरोबर हाय. खाजनाच्या डबक्यात शेवाल दाट असला ना बाय, तर उगवतीला सगली मासली वर येते. तोंडा उघडून. दहा वाजता बघ, ऊन चढला का खाली गेलेली. आम्ही लहान असताना सकाली हातानं धरायचो."

अंधारात झाडंही माशांसारखीच श्वास घेतात, प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे पुस्तकात होतं. रात्री वायू दोन बाजूंनी वाढतो, झाडांकडून आणि माझ्या बाटलीकडून, आणि तो वापरणारं कोणीच जागं नसतं. मी उजेडाचं वेळापत्रक केलं होतं, वायूचं केलं नव्हतं. बाबांनी पुस्तक उघडलं नव्हतं आणि तरी ते त्यांना ठाऊक होतं.

"मंग मी काय करू?" मी विचारलं.

"पान्याला हलता ठेव. भरतीला पानी हलता तवा कुनाचा दम कोंडत नाय."

एवढ्यावर मी काम सुरू केलं. यीस्टची बाटली बंद करता येत नाही, तोंड दाबलं तर बूच उडतं. ते मी एकदा करून पाहिलं होतं, साखरेचं पाणी छतापर्यंत गेलं आणि त्याचे डाग पुढच्या रंगकामापर्यंत तिथेच होते. म्हणून संध्याकाळी पाचला ट्यूब बंद करताना मामांनी बाटलीची नळी टाकीतून काढून बाहेर बादलीतल्या पाण्यात सोडायची, आणि टाकीसोबत आलेला, वायू टिकावा म्हणून मी बंद ठेवलेला हवेचा पंप चालू करायचा. सकाळी नऊला उलट. सुट्टीच्या दिवशी बाटलीच काढून ठेवायची.

तरीही किती वायू पुरे हे अंदाजावर सोडायचं नव्हतं. आमच्या कपाटात ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचं निळं द्रावण असतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर ते निळं राहतं, जास्त झाला की पिवळं होतं, आणि मधे हिरवं. मी रोज सकाळी, दुपारी आणि निघताना टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात दोन थेंब टाकायला लागले. एक वही केली. तारीख, वेळ, ट्यूब किती, साखर किती, रंग कोणता, मासे कुठे. निळं आलं तर साखर जरा वाढवायची, पिवळं आलं तर बाटली काढायची. शेवाळ दिसलं तर उजेड अर्धा तास कमी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी स्वतःला बजावून ठेवलेलं, कारण दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा असेल. दुपारचा एक वाजला होता, मी परीक्षानळी घेऊन टाकीपाशी गेले. लांब पातीच्या झाडांच्या पानांवर, खालपासून वरपर्यंत, बारीक चकचकीत बुडबुडे चिकटलेले. एखादा सुटायचा आणि सरळ वर जायचा. त्याच्यामागून दुसरा. जिथे कुठे पान होतं तिथे ते होते. हायड्रिलाच्या प्रॅक्टिकलला मी हे एका फांदीवर बघितलेलं, चार फूट लांब पाण्यात कधीच नाही. परीक्षानळीत दोन थेंब टाकले. रंग हिरवा आला, कैरीच्या सालीसारखा. मी वहीत लिहिलं, हिरवा, आणि पुढे काही तरी लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून उभी राहिले. शेवटी लिहिलं, मासे मजेत.

मॅडमना बोलवायला मी स्वतः गेले. त्या आल्या, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यांनी वही मागितली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली. सहा मासे मेल्याचं पानही मी फाडलं नव्हतं.

"चार ट्यूब लावायला मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

त्यांनी वही मला परत दिली. "ही नीट ठेव," एवढंच म्हणाल्या.

समिती दिवाळीनंतर आली. तीन जण होते, त्यातले एक वयस्कर गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे. इमारत, ग्रंथालय, शौचालयं सगळं बघून झाल्यावर ते प्राचार्यांच्या केबिनकडे निघाले आणि टाकीपाशी थांबले. मी प्रयोगशाळेच्या दारातून बघत होते. वेळ दुपारची होती, पानांवर बुडबुडे धरायची; ते मी आधीच हिशेबात धरलेलं.

"हे असं कसं केलंत?" त्यांनी विचारलं. "वायूचं सिलिंडर कुठे दिसत नाही."

प्राचार्य मॅडमकडे वळले. मॅडमना सगळं माहीत होतं, त्यांनी वही वाचली होती, त्या सहज सांगू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हे मी केलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी केलंय. त्यांनाच विचारा." आणि माझ्याकडे हात केला.

मी पाण्याने ओले हात साडीला पुसत पुढे गेले. पहिली दोन वाक्यं अडखळत गेली. मग त्यांनी विचारलं, रात्री माशांचं काय करता, आणि माझी जीभ सुटली. मी त्यांना बाटली दाखवली, उपडी डिश दाखवली, नळी बादलीत का सोडतो ते सांगितलं. समोर परीक्षानळीत दोन थेंब टाकून रंग दाखवला. सहा मासे मेले तेही सांगितलं आणि पाणी हलतं ठेवायचं हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, ते खाडीत मासे धरायचे, हेही सांगितलं. ते गृहस्थ सगळं ऐकेपर्यंत बाकीचे दोघे चहासाठी ताटकळले. जाताना त्यांनी मला विचारलं, "तुमचं शिक्षण?" मी बारावी सांगितलं. ते म्हणाले, "ही वही टाइप करून ठेवा. आमच्याकडेही एक टाकी आहे, हिरवी झालीय." आणि त्यांनी बाटलीत साखर नेमकी किती घालायची ते आपल्या डायरीत उतरवून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी परीक्षानळ्या धुतल्या, रोजच्यासारख्याच. पण धुताना सारखं हसू येत होतं, आणि बेसिनवरच्या आरशात ते मला दिसत होतं.

पुढच्या टर्मला हायड्रिलाचं प्रॅक्टिकल आलं तेव्हा मॅडमनी मांडणी झाल्यावर मला जायला दिलं नाही. "शेवटची पंधरा मिनिटं मुलांना टाकीपाशी ने आणि तू सांग," म्हणाल्या. त्यानंतर मी तिथे होते तोवर प्रत्येक तुकडीला ती पंधरा मिनिटं मीच घेतली. मुलं वहीत लिहून घ्यायची. दर वर्षी एक तरी विचारायचं, सोड्याने होतं तर साखर कशाला, आणि मला ते विचारलेलं फार आवडायचं.

मे महिन्यात कॉलेज रिकामं असताना मी बाबांना घेऊन गेले. ते पांढरा सदरा घालून, केस चापून बसवून आले होते. टाकीसमोर मामांनी त्यांना स्टूल दिलं. ते बसले आणि जवळजवळ तासभर टाकीत बघत राहिले. झाडं आता वरपर्यंत पोचून पाण्यावर आडवी पसरली होती, आणि त्यांच्या सावलीत गप्पींची पिल्लं फिरत होती. दुपार झाली, पानांवर बुडबुडे धरले. बाबांनी काचेला नाक लावलं. मग मला विचारून झाकण उघडलं, बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडा पानी," ते म्हणाले. "साफ हाय."

मामांनी चहा आणला, तेव्हा बाबा त्यांना समजावत होते, ही पात कुठल्या तळ्यातली, माती कुठली, आणि ऊन नसताना मासा वर का येतो. मामांना ते सगळं आधीच पाठ होतं, तरी ते ऐकत राहिले.

ठाण्याला उतरून आम्ही चालत घरी निघालो. कोळीवाड्याच्या वळणावर बाबा थांबले.

"बाय," ते म्हणाले, "तुज्या त्या टाकीपेक्षा मोठी काच मिलते का?"